गुडघेकरांना हवा 'स्पोर्ट्सवाला'

पुण्यात डिसेंबर उजाडला की गुडघेकर लंगडायला लागतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. एकवीस किलोमीटरची नोंदणी त्यांनी उत्साहाच्या भरात केव्हाच केलेली असते. पावसाळा भज्यांत जातो, दिवाळी चकल्यांत, आणि मग राहिलेली सगळी तयारी पंधरा दिवसांत उरकायची म्हणून ते तळजाईवर रोज दहा-दहा किलोमीटर हाणतात. शेवटी डावा गुडघा सांगून टाकतो की आता पुरे.

गुडघेकर कोथरूडला सापडतात, सहकारनगरला सापडतात आणि बाणेरला तर एकेका सोसायटीत चार-चार सापडतात. वय पंचेचाळीस ते बावन्न, नोकरी खुर्चीतली, मनगटावर गाडीच्या हप्त्याएवढ्या किमतीचं घड्याळ. अंगातला टी-शर्ट साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा असतो. यवतेश्वरचा घाट आपण 'चाललो' हे ते सांगत नाहीत, 'स्ट्रॅटेजी होती' म्हणतात. गुडघा दुखतोय असंही ते कुणाला सांगत नाहीत. 'सध्या रिहॅब चालू आहे,' एवढंच म्हणतात आणि समोरचा 'कशाचं?' असं विचारीपर्यंत जागचे हलत नाहीत.

"अहो, खाली पिठाच्या गिरणीशेजारी ती फिजिओ मुलगी बसते ना, तिला दाखवून या की," असं बायको पहिल्याच दिवशी सुचवते.

गुडघेकर मंद हसतात. "तिथे म्हाताऱ्यांना शेक देतात. मला स्पोर्ट्सवाला पाहिजे."

याला कारण आहे. ही पिढी टीव्हीवर भारतीय क्रिकेट संघाचे फिजिओ अली इराणी यांना बॅग घेऊन मैदानात धावताना पाहत वाढली. फलंदाज आडवा पडलेला, इराणी त्याच्यावर वाकलेले, स्प्रेचा फवारा, आणि मिनिटभरात गडी उभा! गुडघेकरांच्या मनातला फिजिओ तो हा. त्याने धावत आलं पाहिजे आणि अख्ख्या स्टेडियमने श्वास रोखून धरला पाहिजे. गिरणीशेजारी हे जमणं अवघड.

मग शोधमोहीम निघते. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो आणि दहा मिनिटांत अकरा नावं येतात. खराडीचा एक जण स्नायूंत सुया टोचतो. बाणेरचा दुसरा ट्रेडमिलवर पळवून कॅमेऱ्याने पावलांचं चित्रीकरण करतो. मुंबईचा तिसरा 'आयपीएलच्या टीमबरोबर असतो', त्यामुळे तो भेटणं कठीण आणि म्हणूनच तो सर्वोत्तम. कोल्हापूरच्या मामांचा फोन येतो तो वेगळाच: "ते सोड रे सगळं. तालमीत ये, वस्ताद एका दणक्यात मोकळा करतोय बघ." गुडघेकर दणक्याला घाबरतात, पण घाबरल्याचं न सांगता 'त्याला एव्हिडन्स नाही' म्हणतात.

दरम्यान त्यांचा अभ्यास दांडगा होत जातो. दुखऱ्या जागी बर्फ लावा, हा सल्ला असलेलं विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केलं आणि पुढे त्यांनीच बर्फाबाबतचं मत बदललं, हे गुडघेकर वॉचमनलाही ऐकवतात. ऐकवताना गुडघ्यावर फ्रीजरमधल्या मटारचं पाकीट असतं. घरात महिनाभर मटार-उसळ होत नाही.

मग येते निळी पट्टी. ही ताणली जाणारी पट्टी जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसल्यावर ती जगभर गेली. तिचा वेदनेवरचा परिणाम बेताचाच असतो, पण गुडघेकरांच्या चेहऱ्यावरचा परिणाम निर्विवाद. पट्टी लोकांना दिसावी म्हणून ते थंडीतही हाफ पँटवर मेथी आणायला जातात.

पाठोपाठ एमआरआय. चाळिशीनंतर ज्यांचं काहीही दुखत नाही अशा कित्येकांच्या गुडघ्यातली गादीही थोडीफार फाटलेली दिसते. गुडघेकरांच्या अहवालात ती 'ग्रेड टू' निघते आणि ते हा शब्द मुलाला बोर्डात ब्याण्णव टक्के मिळाल्यासारखा उच्चारतात.

खराडीच्या वाऱ्या सुरू होतात. कोथरूडहून निघायचं आणि संध्याकाळच्या नगर रस्त्यावर दुखऱ्या डाव्या गुडघ्याने दीड तास क्लच दाबत राहायचं. सुयांनी वीस मिनिटांत जे मोकळं होतं ते येरवड्यापर्यंत पुन्हा आखडतं. अखेर एका रात्री, कुणी पाहत नाही अशा बेताने, गुडघेकर गिरणीशेजारची पायरी चढतात.

आत तीन खाटा, हिरवे पडदे, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी. एका खाटेवर खांदा धरलेल्या आजी कप्पीची दोरी ओढतायत. टेबलामागे भिंतीवर चौकटी: साडेचार वर्षांची पदवी, त्यातले सहा महिने इंटर्नशिपचे, त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, विषय स्पोर्ट्स फिजिओथेरपी, शेजारी राज्य परिषदेचं नोंदणीपत्र. हेच सगळं बाहेरच्या पाटीवरही लिहिलेलं आहे. गुडघेकर चार वर्षं त्या पाटीखाली स्कूटर लावत होते.

"बसा काका," ती म्हणते.

काका! ग्रेड टूपेक्षा हा घाव खोल.

"गुडघा सुजतो? मध्येच अडकतो? दगा दिल्यासारखा निसटतो? भार देता येत नाही असं होतं?"

"नाही," गुडघेकर खजील होत म्हणतात. यातलं एखादं तरी असायला हवं होतं.

"छान. असतं तर आधी ऑर्थोपेडिककडे पाठवलं असतं. आता या पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरा."

गुडघेकर उतरतात. गुडघा आत वळतो, कंबर एका बाजूला पडते, हात भिंत शोधतात.

"पुन्हा."

"अहो, कंबर हलतेय तुमची," कप्पीवरून आजी.

एमआरआयची फिल्म ती उजेडात धरून पाहते आणि परत पाकिटात घालते. "खुब्याचे आणि मांडीचे स्नायू कमजोर आहेत. त्यात तुम्ही एकदम अंतर वाढवलंत. व्यायाम देते चार. सहा ते आठ आठवडे."

"मशीन नाही लावणार?"

"लावते. तेवढ्यापुरतं बरं वाटेल. पण व्यायाम तुम्हालाच करायचे आहेत."

"आणि जानेवारी?"

"जानेवारीत मुंबईला जा की. टाळ्या वाजवायला पण माणसं लागतात."

व्यायामाचा कागद फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लागतो. पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून गुडघे उघडणं, भिंतीला पाठ टेकून बसणं, पायरीवर चढ-उतार. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. गुडघेकरांना नेमकं हेच खुपतं. खराडीला तीन तास घालवण्यात पराक्रम होता. घरच्या सतरंजीवर बायको केर काढत असताना कंबर उचलण्यात कसला आलाय?

"व्यायाम केले?" ती दर खेपेला विचारते.

"तसे केले," गुडघेकर म्हणतात. ती पुन्हा पायरीवर उभं करते आणि गुडघा खरं बोलतो.

तरी आजींच्या धाकाने म्हणा, गुडघा फेब्रुवारीअखेर बरा होतो. मग गुडघेकर सल्लागार होतात. लग्नाच्या पंगतीत कुणी कमरेला हात लावला की जिलबीचं ताट बाजूला ठेवून ते त्याला एका पायावर उभं करतात. "तुला स्पोर्ट्सवाली पाहिजे. माझी आहे एक. आधी पाटी वाचायची, डिग्री बघायची, नोंदणी बघायची. जी पहिल्या दिवशी मशीनऐवजी तुला हलवून बघते ती चांगली. आणि घराजवळची गाठ."

शेवटचा सल्ला लाख मोलाचा. घराजवळची असली की निदान 'लांब पडतं' ही सबब सांगता येत नाही. बाकीच्या सबबी गुडघेकर जमवून ठेवतातच. डिसेंबरला त्या लागतात.