झाकला कॅमेरा सव्वा लाखाचा

सोसायटीत कव्हरकाकांचे घर शोधायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. ती वाचता येतही नाही, कारण तिच्यावर प्लास्टिक आहे आणि दहा उन्हाळे खाऊन ते पिवळे पडले आहे.

आत गेले की सोफ्यावर कव्हर आणि कव्हरावर चादर. पाहुणे यायचे असतील तर चादर निघते, कव्हर नाही. सोफ्याचा मूळ रंग कोणता, याबद्दल काका आणि काकूंचे एकमत नाही. मिक्सरला झबले आहे, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचा गाऊन आहे, फ्रीजच्या हँडलला हातमोजा आहे. टीव्हीचा रिमोट पारदर्शक पिशवीत गुंडाळून वर दोन रबरबँड लावलेले असतात, त्यामुळे आवाज कमी करायला गेले की चॅनेल बदलते. स्कूटरच्या सीटवरचे कारखान्याचे प्लास्टिक काकांनी स्कूटर विकेपर्यंत काढले नव्हते. विकत घेणाऱ्यानेही काढले नाही म्हणतात. तो दुसऱ्या सोसायटीतला कव्हरकाका असावा.

या माणसाची जडणघडण जूनमध्ये झालेली असते. शाळा उघडायच्या आधी खाकी कागदाचे भेंडोळे आणायचे, जमिनीवर मांडी ठोकून वह्या-पुस्तकांना कव्हरे घालायची, कोपरे दुमडायचे, लेबल डकवायचे आणि त्यावर नाव, इयत्ता, तुकडी लिहायची. पुस्तक वाचले नाही तरी चालेल, पण कव्हर फाटले तर पाठीत धपाटा बसायचा. हा संस्कार पुढे आयुष्यभर पुरतो. वस्तू वापरायची असते हे काकांना मान्य आहे. मात्र ती वापरण्याआधी झाकायची असते.

अशा काकांनी निवृत्तीच्या पैशांतून डीएसएलआर कॅमेरा घेतला. कॅमेरा निवडायला त्यांना २० मिनिटे लागली, कव्हर निवडायला दोन शनिवार.

पहिल्या शनिवारी सिलिकॉनचे कव्हर आले. ते कॅमेऱ्याला बनियनसारखे घट्ट बसते, पकड चांगली देते, टेबलाच्या कडेवर आपटण्यापासून वाचवते. पण सिलिकॉनला घरातली सगळी धूळ आणि लोकरीचे तंतू प्रिय. शिवाय त्याच्या खाली अडकलेला वाळूचा कण घासत राहतो तो थेट कॅमेऱ्याच्या अंगावर. सलग व्हिडिओ काढताना कॅमेऱ्याच्या आतली चिप तापते, ती उष्णता अंगावाटेच बाहेर पडायची असते, आणि सिलिकॉन तिला वाट देत नाही. काकांना हा शेवटचा त्रास झाला नाही, कारण त्यांनी सलग व्हिडिओ कधी काढलाच नाही.

दुसऱ्या शनिवारी चामड्याचे आले. खालच्या निम्म्या अंगाला बसणारे. कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडसाठी जे पाव इंची आट्यांचे भोक असते, त्यात स्क्रू पिळून आवळायचे. दिसायला राजबिंडे. फक्त बॅटरी आणि मेमरी कार्डाचे दारही बुडाशीच असल्यामुळे बॅटरी बदलायची म्हणजे आधी स्क्रू सोडवणे आले. या कव्हराला ट्रायपॉडसाठी वेगळे भोकही नव्हते. नातीच्या वाढदिवसाला केक कापून, वाटून, खाऊन झाला तेव्हा काकांच्या हातात स्क्रू होता. फोटो जावयाने मोबाइलवर काढले.

त्यावर स्क्रीनला काच चिकटवली गेली आणि लेन्सला यूव्ही फिल्टर लागला. फिल्मच्या जमान्यात अतिनील किरणांनी डोंगराचे फोटो धुरकट व्हायचे, तेव्हा हा फिल्टर कामाचा होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे असे किरण अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते, म्हणून आता फिल्टर उरला तो ओरखड्यांपुरता. समुद्रकाठच्या वाळूत त्याचा उपयोग आहेच. मात्र काकांचा फिल्टर स्वस्तातला असल्यामुळे गणपतीच्या रोषणाईच्या फोटोत प्रत्येक दिव्याला एकेक हिरवे भूत लटकलेले दिसते. काका ती भुते पाहुण्यांना ‘इफेक्ट’ म्हणून दाखवतात.

खरे संरक्षण देणारी एक वस्तू पुष्कळदा लेन्सबरोबरच मिळते, ती म्हणजे हूड. बाजूचा प्रकाश अडवतो आणि कॅमेरा तोंडावर पडला तर पहिला मार स्वतः खातो. काकांनी हूड पहिल्या दिवशी उलटा बसवला, पिशवीत जागा कमी लागावी म्हणून. तो अजून उलटाच आहे.

काकांना कोणी टोकले की ते वडिलांच्या आग्फा क्लिक-३ चा दाखला देतात. त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसायचा आणि एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघायचे. त्याचे कातडी घर खांद्याला लावून वडील सहलीला निघाले की गावाला कळायचे, आज फोटो निघणार. फोटो काढताना घराचे झाकण पुढे लोंबत राहायचे. अल्बममधल्या काही फोटोंत महाबळेश्वरच्या दरीच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा डोंगर आहे. तो नकाशात सापडत नाही, कारण ते झाकण आहे.

“अहो, पण कॅमेरा अजून नव्यासारखा आहे!” काका म्हणतात. खरेच आहे. काकांचा स्वतःचा डीएसएलआरही आठ वर्षांनंतर तसाच होता. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने तो संगणकाला जोडून शटर किती वेळा पडले ते पाहिले, तर आकडा निघाला ६१२. मधल्या वर्गातल्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. काकांच्या वेगाने ते संपायला १,३०० वर्षे लागतील. म्हणजे हाच कॅमेरा बदामीच्या चालुक्यांनी घेतला असता आणि असाच जपला असता, तर शटर बदलायची वेळ आत्ता कुठे आली असती.

जगात कॅमेरेच कमी होत चालले आहेत, हा काकांचा दुसरा मुद्दा. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये तिच्या सदस्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला. बाकीची जागा मोबाइलने घेतली. इतरांनी यातून काढलेला अर्थ असा, की जवळ असलेला कॅमेरा वापरून घ्यावा. काकांनी काढलेला अर्थ असा, की त्याला आणखी एक कव्हर घालावे.

एका सोमवती अमावास्येला काका कॅमेरा घेऊन जेजुरीला गेले. येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात भंडारा उधळला जातो तेव्हा गडाच्या पायऱ्या, दीपमाळा, माणसे, सगळे पिवळे होऊन जाते. छायाचित्रकारांना या दिवसाची ओढ असते आणि धास्तीही. झूम लेन्स पुढे-मागे होताना भात्यासारखी हवा आत ओढते, आणि त्या हवेबरोबर हळदीची बारीक पूडही आत जाते. कव्हराची गरज कुठे असेल तर ती इथे. इथे आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालात, आणि आषाढी वारीत दिवे घाटात पालखीवर कोसळणाऱ्या पावसात.

काकांनी या प्रसंगासाठी खास रेन कव्हर घेतले होते. पहिली मूठ उधळली गेली तसे काकूंनी विचारले, “अहो, ते घालताय ना?”

“वेडी आहेस का? डाग पडतील त्याला!”

रेन कव्हर त्याच्या पिशवीत राहिले, कॅमेरा त्याच्या पिशवीत राहिला. शेजारी एक कॉलेजचा पोरगा हॉटेलच्या बाथरूममधली फुकटची शॉवर कॅप कॅमेऱ्याला चढवून, लेन्सपुरते भोक पाडून, कडेला रबरबँड लावून धडाधड फोटो काढत होता. खाली आल्यावर त्याने कॅप कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कॅमेरा ब्रशने झटकला. खर्च शून्य. काकांनी त्याच्याकडे पाहिले ते उघड्यावर पोहे खाणाऱ्याकडे पाहावे तसे.

मग आला पावसाळा. मुंबई आणि कोकणात जुलैमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळते. लेन्सवर बुरशी धरायला ६०-७० टक्के, अंधार आणि कोंदलेली हवा एवढे पुरते. काकांनी कॅमेऱ्याला नेमके तेच दिले. आधी चामड्याचे कव्हर, मग मखमली पिशवी, मग प्लास्टिकची पिशवी, मग भिंतीला चिकटलेल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा. चामडे दमट हवा पिते आणि धरून ठेवते. ओल्या दिवसांत त्यात कॅमेरा ठेवणे म्हणजे त्याला न वाळलेला स्वेटर घालणे.

दिवाळीला कव्हर उघडले तेव्हा चामड्यावर पांढरी लव आली होती. लेन्स उजेडाकडे धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले. बाहेर मात्र एक ओरखडा नाही.

दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली आणि जास्त बोलला नाही. बुरशी पुसता येते, पण ती जगताना जे आम्ल सोडते त्याने काचेवरचा लेप खरवडला गेला असेल तर तो परत येत नाही, एवढे त्याने सांगितले. पुढे म्हणाला, “काका, प्रवासात गादीची बॅग वापरा. धूळ-पावसात प्लास्टिक घाला, एसी गाडीतून उतरल्यावर अर्धा तास बॅग उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं. घरी आलात की सगळं काढा. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत निळे करा. तांदूळ नको, त्याची पूड सुटते. आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला चार फोटो काढा.”

काकांनी सगळे वहीत लिहून घेतले. वहीला खाकी कव्हर होते.

डबा-दाण्यांवर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी थेट विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट आणली. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राखणारी, पुढे काचेचे दार आणि आकडा दाखवणारा छोटा पडदा. कॅमेरा आता तिच्यात उघड्या अंगाने बसतो. दुरुस्तीवाल्याचा सल्ला काकांनी तंतोतंत पाळला आहे, कॅमेऱ्यावर एकही कव्हर नाही.

कॅबिनेटला मात्र काकूंच्या जुन्या पैठणीच्या अस्तराचे शिवून घेतले आहे. आत आर्द्रता किती आहे ते पाहायचे असेल तर ते वर करावे लागते, आणि काका ते कोणाला वर करू देत नाहीत.