येळवसला तान्हं लेकरू नेण्याची शास्त्रोक्त पद्धत

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, म्हणजेच येळवसला, लातूर जिल्हा आपापल्या शेतात जेवतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, शहरातले रस्ते ओस पडतात आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मंडळी एका फोनवर रात्रीच्या गाडीत बसतात. नांदेडच्या कंधार, लोहा, देगलूर पट्ट्यातही हाच उत्साह. या सोहळ्यास एक वर्षाच्या आतील अपत्यासह उपस्थित राहू इच्छिणाऱ्या मातांसाठी प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. पित्यांना ती वाचण्यास मनाई नाही. उपयोग होईल अशी खात्री मात्र देता येत नाही.

प्रथम व्याख्या. ‘लेकरू’ म्हणजे आठ महिन्यांचे, नुकतेच बसू लागलेले, हाती येईल ते तोंडात घालणारे अपत्य. ‘मंडळी’ म्हणजे चुलत सासवा, आत्या, जावा, नणंदा आणि जिचं नातं कुणालाच नीट सांगता येत नाही पण जिच्या पाया पडावंच लागतं अशी एक आजी. ‘पिता’ म्हणजे पुण्याच्या घरी रात्री दोनला उठून लेकराचा ढेकर काढणारा, न सांगता डायपर बदलणारा सुशिक्षित इसम. हा इसम आमच्या वाटेवरच्या चाकूरच्या पुढे आढळत नाही.

कलम १ : प्रस्थान. येळवसच्या वेळी लेकरू आजोळी नांदेडला आणि शेत औशाकडे, अशी आमची भौगोलिक परिस्थिती आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरपर्यंत सुमारे १४० किलोमीटर आणि तिथून पुढे औसा. निघण्याची वेळ लेकराच्या झोपेवरून ठरवावी, पित्याच्या उत्साहावरून नव्हे. पित्याला पहाटे पाचला निघायचं असतं, कारण ‘रस्ता मोकळा मिळतो’. रस्ता मोकळा मिळतो आणि लेकरू त्या मोकळ्या रस्त्यावर भोकाड पसरतं. पोट भरलेलं, डुलकीला आलेलं लेकरू त्याच्या सीटवर, मागच्या बाजूला तोंड करून, पट्टा लावून बसवावं. भूक लागली तर गाडी थांबवावी. चालत्या गाडीत मांडीवर घेऊन पाजू नये. अहमदपूरला थांबायचंच आहे असं आधी जाहीर करून ठेवलं की पुढची भांडणं वाचतात.

कलम २ : सामान. पित्याचं ठरलेलं वाक्य असतं, “एवढं कशाला? गावाकडं सगळं मिळतं.” हे खरं आहे. दूध मिळतं, तूप मिळतं, सल्ला तर घमेल्याने मिळतो. लेकराचे डायपर मात्र ज्वारीच्या फडात उगवत नाहीत. कपड्यांचे तीन थर घ्यावेत : सकाळी बोचरी थंडी, दुपारी चांगलंच ऊन, सूर्य कलला की पुन्हा कानटोपी. सतरंजीवर अंथरायला जाड गोधडी हवीच, कारण कडब्याचं कुसळ पातळ दुपट्यातून बरोबर वर येतं.

कलम ३ : आगमन. गाडीचं दार उघडताच लेकरू आपल्या ताब्यातून जातं. ते कुणाच्या हातात आहे हे पुढचे दोन तास कळत नाही. शोधत फिरू नये. ते हसत असतं. आपल्याला काळजी फक्त हातांची, कारण त्या हातांनी आत्ताच बैलाला थोपटलेलं असतं किंवा भज्जीतली चिंच कोळलेली असते. ‘हात धुवा’ असं सासरच्या वडीलधाऱ्यांना सांगणाऱ्या सुनेचं नाव पुढच्या येळवसपर्यंत निघतं. म्हणून फक्त एवढंच म्हणावं, “डॉक्टरांनी सांगितलंय.” मुके घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय. डोळ्यांत काजळ नको, डॉक्टरांनी सांगितलंय. तळपायाला तीट लावा हवी तर. सुनेचा सासरी सर्वांत जवळचा नातेवाईक डॉक्टर असतो.

कलम ४ : आहार. या कलमावर सर्वाधिक लढाया होतात. येळवसचं पान असं असतं : तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि बेसन घालून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील. आंबील मातीच्या बिंदगीत, डोक्यावरून शेतात येते. जिने ती सकाळपासून सांभाळलेली असते तिला लेकराच्या ओठाला बोट लावण्याचा नैतिक अधिकार आहे असं तिचं मत असतं. माझं मत वेगळं आहे, पण मी भज्जी खात असते आणि ती भज्जी खाताना भांडता येत नाही. (वर्षभर पुण्यात राहून मला ना सासूची आठवण येते, ना शेताची. भज्जीची येते.) तरी नियम नियम आहे : वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर बोटभरही नको, मधातून तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. हरभऱ्याचा, वाटाण्याचा अख्खा दाणा घशात अडकतो, त्यामुळे घाट्यांचा ढीग लेकराच्या हाताला लागू देऊ नये. मऊ भात, पातळ वरण, कुस्करलेला बटाटा घरूनच न्यावा आणि तो सर्वांदेखत भरवावा, म्हणजे ‘उपाशी ठेवलंय’ हा आरोप टिकत नाही.

कलम ५ : भूकंप. या मुद्द्यावर वाद घालू नये. लेकराचे वडील ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधी थोडेच दिवस जन्मले. तो जिथे झाला ते किल्लारी इथून लांब नाही. घराच्या भिंती फाटल्या, माणसं घरात निजायला घाबरू लागली, आणि हे महाशय पावसाळ्याच्या शेवटी पत्र्याच्या शेडात आले आणि तिथेच वाढले. मी डायपरची पिशवी उघडली की आत्याबाई म्हणतात, “तवा कुठं होतं ह्ये? ह्याच्या बापाला मी पदरात गुंडाळून शेडात निजविलं. ह्यो मोठा झाला न्हाई का?” यावर उत्तर नाही. त्यांचा पदर अजूनही लेकराच्या डोक्यावर असतो, ऊन लागू नये म्हणून, आणि ती सावली त्या बोलता बोलता सरकवत राहतात. मी पिशवी बंद करते.

कलम ६ : निद्रा. झाडाला जुन्या सुती लुगड्याची झोळी बांधतात. लुगडं सुतीच हवं, नायलॉनची गाठ सुटते. झोळी जमिनीपासून हातभरच उंच असावी, आणि लेकरू आत असेपर्यंत कुणीतरी शेजारी बसलेलंच असावं. पुण्याच्या महागड्या पाळण्यात वीस मिनिटं न टिकणारं लेकरू इथे तासन्‌तास झोपतं. याचं कारण शोधत बसू नये. अपमान होतो.

कलम ७ : पिता. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होईपर्यंत तो दिसतो. पूजेनंतर जेवण, जेवणानंतर सोयाबीनचा भाव, त्यानंतर बांधाचा जुना वाद, आणि मग झाडाखाली तोंडावर टॉवेल. पुण्यात शुद्ध बोलणारा हा इसम टॉवेलखालून बातमी द्यावी तसा सांगतो, “आगं, लेकरू रडलालंय.” त्याला उठवण्याचा एकच उपाय आहे : लेकरू उचलून त्याच्या पोटावर ठेवावं आणि भज्जीच्या पातेल्याकडे निघून जावं. मंडळी आपल्याकडे बघतात. बघू द्यावं. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर तो लेकराला हरभऱ्याचं शेत दाखवत असतो, आपल्या लहानपणी विहीर कुठे होती ते सांगत असतो. त्या वेळी मध्ये पडू नये.

कलम ८ : परती. संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. बघण्यासारखा असतो, पण तान्ह्याला धूर सोसत नाही. वारा पाहून लांब उभं राहावं, किंवा त्याआधीच निघावं. “उजेडी निघू” असं सकाळीच ठरवावं. पिता “निघू की” म्हणेल. या ‘की’ ला काहीही अर्थ नसतो. गाडीची किल्ली सकाळीच आपल्या पर्सला लावून ठेवावी.

शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका : तापाचं औषध, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. येळवसच्या दिवशी दुकानदारही शेतात जेवत असतो.