काड्या करणारा माणूस

आमच्या घरात 'काड्या करू नकोस' हे वाक्य दिवसातून चारदा तरी उच्चारलं जातं, आणि त्यातलं तीनदा माझ्याकडे बघून. त्यामुळे १९१५ साली आमच्याच नाशकात बिऱ्हाड असलेल्या एका गृहस्थाने खरोखरच काड्या केल्या, त्यांचा सिनेमा काढला आणि त्याला 'आगकाड्यांची मौज' असं नाव दिलं, हे वाचलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. म्हणजे आमच्याच अंगणातला माणूस. पाहुणे आले की आम्ही त्यांना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेलं फाळके स्मारक दाखवतो आणि मग मिसळ खायला नेतो. पाहुणे परत गेल्यावर फोनवर मिसळीबद्दल बोलतात. स्मारकाबद्दल 'हो, तेही छान होतं' म्हणतात. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना ठाऊक असतो. १९१३, कोरोनेशन थिएटर, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण या माणसाने काड्या नाचवल्या, म्हणजे आज ज्याला ॲनिमेशन म्हणतात ते आपल्याकडे पहिल्यांदा ज्यांनी केलं त्यांच्यात तो होता, हे सांगितलं की लोक 'अस्सं?' म्हणतात आणि तर्री मागवतात.

फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या कलावंताने १९०८ मध्येच आगकाड्या चालवून दाखवल्या होत्या. फाळक्यांनी ती फिल्म पाहिली होती का, या वादात मी पडत नाही. काड्या सगळ्यांकडेच असतात. त्या नाचवायची युक्ती ऐकायला अगदी सोपी आहे. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं. काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. पुन्हा केसभर. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं लागत, म्हणजे मिनिटाला नऊशे साठ. नऊशे साठ वेळा काडी सरकवायची आणि त्या वेळात कुणी शिंकायचं नाही. ज्या देशात रांगेत उभं राहायलाही कुणाला धीर नाही, तिथे हा उद्योग कुणाला सुचावा?

तर तो सुचला वाटाण्यावरून. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं. मिळेल तो सिनेमा बघण्याच्या नादात डोळ्यांनी दिसेनासं झालं, मग उपचारांनी दृष्टी परत आली. डोळे बरे झाल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवून १ एप्रिलला परत आले. तारखेवरून नातेवाइकांनी काय विनोद केले असतील याची मी कल्पना करू शकतो. माझ्या नातेवाइकांनी तेच केले असते.

आता सिनेमा काढायला पैसा हवा. मराठीत पैसे मागायला गेलेल्या माणसाच्या कपाळी काय येतं? वाटाण्याच्या अक्षता. फाळक्यांनी सावकारांच्या आधी वाटाणाच हाती घेतला. कुंडीत पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत बसले. 'अंकुराची वाढ' ही त्यातून झालेली जेमतेम मिनिटभराची फिल्म. पडद्यावर वाटाणा माती सारून वर आला, पानं फुटली, वेल डोलायला लागला आणि पैसेवाल्यांचे खिसे सैल झाले. वाटाण्याच्या अक्षता उलट दिशेने लावल्याचं मराठी वाङ्मयात दुसरं उदाहरण मला आठवत नाही. तरी रक्कम पुरली नाहीच, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा आपली आपण पाडावी लागत. तेही काम अंधारात बसून त्याच करत. शिवाय शूटिंगच्या सगळ्या गोतावळ्याचा स्वयंपाक. महिनाभर नवरा कुंडीकडे बघत बसलाय हे पाहून त्या माउलीने काय म्हटलं असेल ते इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी वाटाण्याची उसळ झाली असती.

फाळके त्याआधी काय काय करून बसले होते ते पाहिलं तर काड्यांचं फारसं नवल वाटत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना, रंगीत छपाई शिकायला जर्मनी. आणि जादू! आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करत. फाळके उलटे वाचून पाहा, अक्षर न अक्षर जुळतं. हातचलाखीत प्रेक्षकाची नजर दुसरीकडे असताना हात चालवायचा असतो. काडी सरकवतानाही तेच. फक्त इथे कॅमेऱ्याची नजर मिटलेली असते. पुढे 'लंकादहन'मध्ये हनुमान उडाला, 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन डोहात उतरली, ती सगळी केळफांचीच कृपा.

पण काड्याच का? १९१४ ला महायुद्ध पेटलं, पैसा आटला, हे एक कारण असावं. मला आपलं वाटतं, नटांना कंटाळले असतील. 'हरिश्चंद्र'च्या वेळी तारामती व्हायला बाई मिळेना, पुरुष मिशी भादरायला तयार होईनात, शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. काडीला मिशी नसते. ती चहा मागत नाही, पंगतीला बसत नाही. आणि युद्धाच्या काळात सगळे भडकलेले असताना ती भडकते, तीही पेटीच्या कडेला घासली तरच.

हे सगळं वाचून दिवाळीच्या सुट्टीत मी भाचीला म्हटलं, "आपण करू या." मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, जेवणाच्या टेबलावर वीस काड्या मांडल्या. कथानक साधं होतं: काड्या पेटीतून निघतात, रांगेत चालतात आणि घर बांधतात. अर्ध्या तासात सव्वीस चित्रं झाली.

"मामा, पंखा बंद कर, रांग मोडतेय."

पंखा बंद केला. घामाचा थेंब सहाव्या काडीवर पडला. तेवढ्यात फोन आला, मोबाइल उचलावा लागला, परत ठेवला तर सगळी दुनिया दोन इंच डावीकडे सरकलेली. संध्याकाळपर्यंत चौसष्ट चित्रं, म्हणजे फाळक्यांच्या हिशेबाने चार सेकंद. माझी पाठ धरली होती. फाळके तेव्हा पंचेचाळिशीचे होते, हे आठवून आणखी धरली.

रात्री सगळ्यांना बसवून फिल्म दाखवली. काड्या निघाल्या, रांग लागली, भिंती उभ्या राहिल्या, आणि छप्पर चढता चढता कोपऱ्यातली काडी एकदम नाहीशी झाली. घर वाकडं झालं.

"ही ट्रिक कशी केलीस?" मेहुण्यांनी विचारलं.

मी भाचीकडे पाहिलं, भाचीने माझ्याकडे. आई देवघराच्या दारात उभी होती.

"दिवेलागण झाली होती," ती म्हणाली. "एवढ्या वीस काड्या पसरून बसला होतात, त्यातली एकच घेतली."