काळी एकमधली गिटार

कर्जतला शनिवारी गिटारींचा सुकाळ असतो. दुपारच्या लोकलमधून पाठीला काळ्या पिशव्या लावलेली मुंबईची मुलं उतरतात, कशेळ्यापर्यंतच्या भाड्यावरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालतात आणि कुठल्या तरी फार्महाऊसकडे निघून जातात. रात्री नदीच्या बाजूने त्यांचा आवाज येत राहतो. आधी एक गिटार आणि एक गाणारा असतो. साडेदहाच्या सुमारास गाणारे वाढतात, अकराला गिटार ऐकू येईनाशी होते आणि बारानंतर कोणीतरी रडायला लागतं. (हे खात्रीने सांगते, आमची खिडकी त्याच बाजूला आहे.) रविवारी संध्याकाळी सगळा लवाजमा परत जातो. त्यामुळे कर्जतमधल्या आमच्या दहिवलीत गिटार हे वाद्य नसून पाहुण्यांचं सामान आहे, असाच समज होता.

अशा गावात सात वर्षांच्या मुलीने जेवता जेवता "मला गिटार शिकायचीय" म्हटल्यावर ताटावरच बैठक भरली.

आमचे सासरे, अण्णा, भजनी माणूस. कर्जत ते सीएसटी शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे चार तास त्यांनी लोकलच्या भजनी मंडळात काढले, आणि मधला जो वेळ उरे त्यात सरकारी नोकरी केली. टाळ, मृदंग आणि तेही विसरले तर डब्याचा पत्रा, एवढ्यात त्यांचं संगीत बसतं. गिटारीबद्दलचा त्यांचा अभ्यास मात्र हिंदी सिनेमापुरता, पण पक्का. "१९७३ सालचा 'यादों की बारात' घे. आईबाप मरतात. १९८० चा 'कर्ज'. हिरोला बायकोच जीपखाली घालते, बिचाऱ्याला परत जन्म घ्यावा लागतो. १९८८ चा 'कयामत से कयामत तक'. त्यात तर दोघंही जातात. ज्या ज्या घरात गिटार आली, त्या घराचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही."

"त्यापेक्षा पेटी शिकव," सासूबाई म्हणाल्या. "पेटी मांडी घालून वाजवता येते." खालापूर तालुक्यात चौकला दिलेल्या नणंदेचा फोन त्याच रात्री आला. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: त्याला परीक्षा असते का, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात का. परीक्षा असते, लंडनचं ट्रिनिटी कॉलेज घेतं, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत, असं सांगितल्यावर लंडन या नावाने तिचा आवाज जरा खाली आला. गुणांचं काही मी बोलले नाही. मुलगी दुसरीत आहे.

नवऱ्याने या वादात भाग घेतला नाही. तो थेट डोंबिवलीला जाऊन पुतण्याची पडून असलेली गिटार घेऊन आला. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल आमच्या घरात एक आदर असतो, तो तिला लगेच मिळाला. गिटार पूर्ण मापाची, चाळीस इंची, स्टीलच्या तारांची. लेक तिच्यामागे बसली की वर केस दिसायचे आणि खाली पावलं. मधे नुसती गिटार.

सर खोपोलीला राहतात. कर्जतहून खोपोलीची लोकल धरायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. गाडी चुकली तर पुढची येईपर्यंत पोराला प्लॅटफॉर्मवर काय काय खाऊ घालावं लागतं, हे या फाट्यावरच्या आयांनाच ठाऊक. सरांचा क्लास शनिवारी नसतो, कारण शनिवारी ते कर्जतच्याच एका रिसॉर्टवर पोहण्याच्या तलावाशेजारी गातात. म्हणजे आम्ही गिटार शिकायला कर्जतहून खोपोलीला जातो आणि सर ती वाजवायला खोपोलीहून कर्जतला येतात.

सरांनी ती गिटार पाहिली, लेकीचा पंजा पाहिला आणि म्हणाले, "ही परत न्या. दहा वर्षांनी आणा." सात वर्षांच्या मुलाला अर्ध्या मापाची, चौतीस इंची गिटार लागते आणि तारा नायलॉनच्या लागतात. स्टीलच्या तारा कोवळ्या बोटांत रुततात, आणि तिसऱ्या दिवशी पोर म्हणतं, मला चित्रकला आवडते. "बहुतेक गिटारी अशाच कपाटावर जातात," सर म्हणाले. "मुलं सोडत नाहीत, बोटं सोडतात." नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा लावू नका, हेही त्यांनी नवऱ्याकडे बघून दोनदा सांगितलं. तारांच्या ताणाने खालची पट्टी उखडते. नवऱ्याच्या मनातलं त्यांना कसं कळलं कोण जाणे. तारा फुकट आल्या होत्या ना.

पुढचे नियम असे. डाव्या हाताची नखं कापलेली. अंगठा मानेच्या मागे. बोट फ्रेटच्या पट्टीवर नाही, तिच्या अलीकडे अगदी खेटून टेकवायचं, नाहीतर तार गुणगुणते. आणि रोज दहा मिनिटं. मी विचारलं, अर्धा तास नको का? तर म्हणाले, "दहा मिनिटं तिची. अकरावं मिनिट आईच्या हौसेचं."

अर्ध्या मापाची गिटार आणली, आणि पहिल्याच दिवशी लेकीला एक कॉर्ड आली. खालच्या तीन तारा मोकळ्या सोडून एकदम छेडल्या की ई मायनर वाजतो. डाव्या हाताचं एकही बोट लागत नाही. घरी आल्यावर तिने तो सगळ्यांकडून वाजवून घेतला, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरातल्या पाचही माणसांना, सासूबाई धरून, ई मायनर येत होता. पुढच्या क्लासला एका बोटाचा सी आला आणि मग एका बोटाचा जी. दुसऱ्या तारेच्या पहिल्या घरात बोट ठेवलं की सी, पहिल्या तारेच्या तिसऱ्या घरात ठेवलं की जी. मोठ्या माणसांचा सी तीन बोटांचा असतो. तो मी एकदा करून पाहिला. बोटांची नंतर वेगवेगळी समजूत काढावी लागली.

आता त्या भोकाबद्दल. गिटारीच्या पोटाला भोक असतं ते आवाज बाहेर येण्यासाठी, हे शास्त्र झालं. सात वर्षांच्या मुलीच्या लेखी तो गल्ला आहे. पहिल्यांदा पिक पडलं, तेही चुकून. ते काढायचं म्हणजे गिटार उलटी डोक्यावर धरायची, हलवायची आणि आतली वस्तू बरोबर भोकाशी आली की झटका द्यायचा. हा कार्यक्रम तिला वाजवण्यापेक्षा जास्त आवडला. मग खोडरबर पडला, दोन रुपयांचं नाणं पडलं, खारे शेंगदाणे पडले. एक शेंगदाणा अजून आत आहे. जी वाजवला की तो किंचित थरथरतो आणि सी वाजवला की गप्प असतो, असं लेकीचं म्हणणं आहे. सरांनीही कान लावून ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला. कर्जतच्या पावसात पापड टिकत नाही, तिथे पातळ लाकडाचा आणि सहा तारांचा काय पाड? नवीन नायलॉनच्या तारा तशाही सुरुवातीला ताणत राहतात. त्यात ओलाव्याने लाकूड फुगतं. सकाळी लावलेली गिटार संध्याकाळी दुसरंच काही बोलते. भिंतीला टांगू नका, पिशवीत ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या आत टाका, असं सरांनी सांगितलं होतं. आमच्याकडे बुटांची खोकी जपून ठेवायची परंपरा असल्यामुळे पुड्यांची ददात पडली नाही.

तारा लावण्याचं काम माझ्याकडे आलं. मोबाईलमधल्या ॲपसमोर तार छेडायची. काटा डावीकडे असला तर खुंटी घट्ट करायची, उजवीकडे गेला तर सैल, आणि हिरवा झाला की पुढची तार. कागदावर सोपं आहे. पण ॲपला गिटार आणि जग यांतला फरक कळत नाही. कुकरची शिट्टी झाली, काटा उडाला. पत्र्यावर सर आली, काटा कंप पावला. आणि आमच्या घरापासून स्टेशन लांब नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या आम्हाला वडापाव विकता यावेत म्हणून नव्हे. भोर घाटाचा चढ सदतीसला एक. तो चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं इथे जोडतात. ती जोडताना आणि निघताना भोंगे होतात. एकदा मी अगदी शांतपणे पाचवी तार लावत होते, काटा हिरवा होईपर्यंत खुंटी फिरवली, आणि तार छेडली तर भलताच आवाज. काटा इंजिनाच्या भोंग्याला हिरवा झाला होता. तेव्हापासून मी गाड्यांच्या वेळा बघून तारा लावते.

तीन कॉर्ड झाल्या आणि खरी पंचाईत सुरू झाली. लेक दहा मिनिटं इमानदारीत सी वाजवी, मग जी वाजवी, मग पुन्हा सी. पाहुणे आले की नवरा म्हणे, "एखादं गाणं वाजवून दाखव." ती सी-जी-सी वाजवी. पाहुणे वाट बघत. ती थांबली की पाहुणे म्हणत, "छान. आता गाणं?" पोरीचं तोंड एवढंसं होई.

मी सरांना विचारलं, गाणं कधी येणार? ते हसले. "गाणं गिटारीत नसतं हो, गळ्यात असतं. ती साथ करतेय. तिच्याबरोबर गाणारं कोणी आहे का घरात?"

ही अट कोणी आधी सांगितली नव्हती. मुलीला गिटार लावायची म्हणजे फी भरायची, क्लासला न्यायची, नखं कापायची, एवढी आमची तयारी होती. गाण्याची नव्हती. नवरा गातो तो फक्त दुचाकीवर, हेल्मेटच्या आत. मी एकदा अंगाईगीत म्हटलं तर लेक सी धरून बसली आणि म्हणाली, "आई, तू कुठे गेलीस?" मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

उरले अण्णा. पण ते अजून जीप आणि पुनर्जन्मातून बाहेर आले नव्हते. त्यांना फिरवलं एका जुन्या कॅसेटने. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याकडे आहे. संतूर आणि बासरी त्यांनी शेकडो वेळा ऐकली, पण तिसरं जे गोड काही वाजतं ते गिटार, हे कव्हर वाचेपर्यंत त्यांना कळलंच नव्हतं. काबरा ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवून वाजवत. मींड निघते त्यामुळे. हे कळल्यावर अण्णांनी त्याच दुपारी लेकीची अर्धी गिटार मांडीवर घेतली आणि देवघरातली पळी आणली. पळी तारांवरून सरकली. जो आवाज निघाला त्याला मींड म्हणायला काबरांची हरकत असती. पळीमागून पंचपात्रही आलं असतं, पण सासूबाईंनी पळी काढून घेतली. तरी त्या दिवसापासून अण्णांनी गिटारीला 'ते' म्हणायचं सोडून 'ती' म्हणायला सुरुवात केली.

मग एका संध्याकाळी लेक सी छेडत होती आणि अण्णांनी पलंगावर पडल्या पडल्या विठ्ठलाचा गजर धरला. जमेना. अण्णा उठून बसले. "पट्टी काय तुझी?"

"सी."

"म्हणजे पांढरी एक. माझी काळी एक. बारा डब्यांच्या गर्दीत चाळीस वर्षं काळी एकमध्ये गायलोय, आता खाली उतरत नाही."

पोरीने कपाटातून सरांनी दिलेला चिमटा आणला. कॅपो. तो मानेवर पहिल्या घरात लावला की सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढतात. बोटं तीच, कॉर्ड त्याच, पण सी वाजवला की काळी एक ऐकू येते. तिसऱ्या घरात लावला की काळी दोन. तिने चिमटा लावून तार छेडली, आणि अण्णांनी असा चेहरा केला की जणू कोणी त्यांना आयुष्यभराचा पास काढून दिला. त्यांच्या मंडळाची पेटी साधी. गाणारा बदलला की पेटीवाल्याला बोटांचा सगळा संसार हलवावा लागतो, आणि पट्टी सरकणारी स्केल चेंजर पेटी कित्येक हजारांची. इथे दोन-तीनशे रुपयांच्या चिमट्यात काम भागत होतं. त्यांनी तो हातात घेऊन उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि दुसऱ्या दिवशी पेटीवाल्या बुवांना मुद्दाम चहाला बोलावून दाखवला. बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटीला असा मिळतो का?"

त्यानंतर दहा मिनिटं कधी संपतात ते लेकीला कळत नाही. अण्णा गजर धरतात, ती सी देते, समेच्या जरा आधी जीवर जाते आणि समेला परत येते. कुठे बदलायचं हे तिला कोणी शिकवलं नाही. अण्णा भुवई उडवतात, त्यावर ती जाते. सरांच्या वहीत याला काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

गणपतीत चौकची नणंद आणि तिचे यजमान आले. आरती झाली, अण्णांनी गजर धरला, लेकीने साथ केली, आणि लंडनच्या परीक्षेची चौकशी करणारी नणंद पदर सावरून टाळ वाजवायला लागली. रंग चढला तसा तिच्या यजमानांना राहवेना. त्यांनी पुढचा गजर आपल्या हातात घेतला. त्यांचा आवाज मोठा आणि निर्भय आहे. पट्टीशी त्याची कधी ओळख झालेली नाही. लेक दोन मात्रा वाजवून थांबली, हात वर केला आणि म्हणाली, "मामा, थांबा. मला कॅपो बदलायचाय. तुमची पट्टी काय?"

सगळे टाळ थांबले. यजमानांनी उदारपणे हात हलवला.

"तू कुठलीही लाव गं बाळा. मला सगळ्या चालतात."