बेरीज न येणारा कॉम्प्युटर

इंटेलच्या प्रोसेसरला काय काय येतं हे सांगणारी पुस्तिका काही हजार पानांची आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी सध्या ज्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, त्याची पुस्तिका मात्र पोस्टकार्डावर मावते, तीही पत्त्याची बाजू मोकळी सोडून. त्याला एकच इन्स्ट्रक्शन येते, सबलेक. तिला तीन आकडे द्यायचे. पहिल्या पत्त्यावर जे असेल ते दुसऱ्या पत्त्यावरच्या आकड्यातून वजा होतं. उत्तर शून्य किंवा त्याखाली गेलं, तर कॉम्प्युटर तिसऱ्या पत्त्यावर उडी मारतो. नाहीतर मुकाट्याने पुढची ओळ वाचतो. झाली पुस्तिका.

घरी हे समजावून सांगताना बायकोने मध्येच विचारलं, "म्हणजे अहो, याला बेरीज येत नाही?"

"नाही."

"आणि असा मुद्दाम केलाय?"

"हो."

"आणि आता ती तुम्ही त्याला शिकवताय."

या शेवटच्या वाक्यात प्रश्नचिन्ह नव्हतं, हे मी नोंदवून ठेवतो.

बेरीज शिकवता येते, त्यातच तर सगळी गंमत आहे. समजा पाच आणि सात मिळवायचे आहेत. एक रिकामी जागा घ्यायची, तिच्यात शून्य. तिच्यातून पाच वजा करायचे, तिथे उणे पाच आले. मग सातातून ते उणे पाच वजा करायचे. उण्याचं उणं अधिक होतं हे सातवीत छडीच्या धाकाने पाठ केलं होतं. त्याचा प्रत्यक्ष उपयोग आयुष्यात पहिल्यांदा इथे झाला. बारा आले. शेवटी रिकाम्या जागेतून तिचीच वजाबाकी करून ती पुसून घ्यायची, कारण पुढच्या बेरजेलाही तीच लागणार. तीन इन्स्ट्रक्शनांत एक बेरीज. एका जागचा आकडा दुसरीकडे नुसता उतरवून घ्यायला चार लागतात. म्हणजे या यंत्रावर नक्कल करण्यापेक्षा हिशेब स्वस्त पडतो. शिक्षणखात्याने विचार करावा.

हे खूळ माझ्या एकट्याचं असतं तर मीही लपवून ठेवलं असतं. पण याला घराणं आहे. नेदरलंड्सच्या व्हॅन डर पूल यांनी 1956 सालीच दाखवून दिलं होतं की एका इन्स्ट्रक्शनवर अख्खा कॉम्प्युटर चालू शकतो. 1988 मध्ये मावद्दात आणि परहामी या दोघांनी विद्यार्थ्यांना शिकवायला सोपं म्हणून तसंच एक यंत्र मांडलं. पुढे ओलेग माझोंका आणि ॲलेक्स कोलोडिन यांनी एका स्वस्त एफपीजीए चिपवर असे 28 प्रोसेसर शेजारीशेजारी बसवले. अठ्ठावीस जण आणि सगळे वजाबाकीच करताहेत, असं दृश्य मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतच पाहिलं आहे.

त्याहून मोठा चमत्कार स्टॅनफर्डमध्ये झाला. 2013 साली तिथल्या मंडळींनी सिलिकॉन बाजूला ठेवून कार्बनच्या नॅनोनळ्यांचा कॉम्प्युटर बनवला. ट्रान्झिस्टर किती, तर 178. इंटेलच्या 1971 सालच्या पहिल्या प्रोसेसरमध्येसुद्धा 2300 होते. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर एकापेक्षा जास्त इन्स्ट्रक्शन परवडणारच नव्हती, म्हणून त्यांनीही वजाबाकीवर भागवलं. आणि त्या 178 ट्रान्झिस्टरांवर त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवली! आकडे मोजणं आणि आकडे क्रमाने लावणं, ही दोन कामं ती आलटून पालटून करत असे. माझा लॅपटॉप अब्जावधी ट्रान्झिस्टर पदरी बाळगून व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा गोठवतो, तेव्हा मला त्या 178 जणांची फार आठवण येते.

तर ऑपरेटिंग सिस्टीम. सबलेकसाठी ती आधीच आहे, हे कबूल करायला हवं. 'डॉन' नावाची आहे. तिच्यात खिडक्या आहेत, माऊस आहे, सी भाषेचा कंपायलर आहे. मग माझी कशाला? पर्यायी म्हणून. जगभरचे सगळे वापरकर्ते कदाचित एका शेअर रिक्षात बसतील, त्यातही एक रिक्षावाल्याशेजारी. पण म्हणून त्यांना निवडीचा हक्क नाही?

माझं डॉनशी भांडण नाही, माझा मुद्दा तात्त्विक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचं मुख्य काम म्हणजे एका प्रोसेसरवर चार प्रोग्रामांना पाळीपाळीने बसवणं. साध्या कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी इंटरप्ट असतो. ठरावीक वेळाने घड्याळ प्रोसेसरला ढोसतं आणि चालू प्रोग्रामला उठावं लागतं. सबलेकला ढोसायची सोयच नाही. प्रोग्राम आपणहून उठला तर उठला. साहित्य संमेलनातला वक्ता डोळ्यांसमोर आणा, ज्याला 'कृपया आवरा' ही चिठ्ठी पोचवता येत नाही. एकाने माईक सोडला नाही की बाकीचे तिघे, अध्यक्षांसकट, बसून राहतात. इथे अध्यक्ष म्हणजे माझी ऑपरेटिंग सिस्टीम.

आणि कुंपण तर मुळीच नाही. इथे प्रोग्राम म्हणजे आकडे आणि माहिती म्हणजेही आकडे, सगळे एकाच आवारात. यादीतली पाचवी नोंद वाचायची असेल, तर वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनमधला पत्ताच वजाबाकी करून बदलावा लागतो आणि मग ती बदललेली इन्स्ट्रक्शन चालवायची. इतर कॉम्प्युटरांवर चालता चालता स्वतःला बदलणाऱ्या प्रोग्रामकडे संशयाने पाहतात. इथे तसं केल्याशिवाय पान हलत नाही. साहजिकच एखादा प्रोग्राम स्वतःला बदलायला निघतो आणि शेजाऱ्याला बदलून येतो.

माझा पर्याय असा: कुठल्याच प्रोग्रामला खऱ्या यंत्राला हात लावू द्यायचा नाही. सबलेकमध्येच सबलेकची नक्कल करणारा दुभाष्या लिहायचा. प्रोग्रामची प्रत्येक वजाबाकी तो स्वतः करून देतो, पत्ता हद्दीत आहे का पाहतो आणि पाळी संपली की पुढच्याला बोलावतो. शिस्त अशी की पाहत राहावं. फक्त एका वजाबाकीसाठी आता कित्येक वजाबाक्या लागतात. त्यात हे खरं यंत्रही माझ्या लॅपटॉपवर दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रामने उभं केलेलं. म्हणजे हजारो पानांच्या पुस्तिकेचा प्रोसेसर सगळी विद्या विसरल्याचं सोंग घेतो, आणि त्या सोंगाच्या पोटात आणखी एक सोंग. आमच्या मुलीने हे पाहून "बाबा, पण हे स्लो आहे" एवढंच म्हटलं. पिढीच अशी.

पहिला शब्द मराठीत उमटवायचा हा माझा हट्ट होता. अक्षर छापायचं म्हणजे ते 'उणे एक' या पत्त्यातून वजा करायचं. तिथे मेमरी नाही, पडदा आहे. इंग्रजी अक्षर एका आकड्यात भागतं. आपला 'क' मात्र 224, 164, 149 असे तीन आकडे घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. 'नमस्कार' म्हणायला एकवीस आकडे लागतात, कारण हलन्त आणि काना आपापलं वेगळं ताट मांडतात. ते एकवीस आकडे दुभाष्यामार्फत एकेक करून पडद्यावर आले, आणि यंत्राने आवाजही न करता कोणालातरी नमस्कार केला. मी उभा राहून उलट नमस्कार केला. बायकोने पाहिलं.

पिंपरीला माझा एक मित्र आहे. जगात त्याच्याशीच या विषयावर बोलता येतं, आणि नेमकं त्याच्याशीच पटत नाही. तोही एका इन्स्ट्रक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. त्याचं यंत्र उत्तर शून्याखाली गेलं तरच उडी मारतं. शून्याला जागचं हलत नाही. स्टॅनफर्डवालेही त्याच्याच पक्षाचे, हे तो दर भेटीत ऐकवतो. फरक एका शून्याचा, पण त्याचा एकही प्रोग्राम माझ्याकडे चालत नाही आणि माझा त्याच्याकडे. गेल्या रविवारी मिसळीच्या दुसऱ्या पावाला त्याचं मन विरघळलं. म्हणाला, "भांडण मिटवू या रे. दोन्ही इन्स्ट्रक्शन येतील असंच यंत्र बनवू."

दोन! मी पाव खाली ठेवला. म्हटलं, "चैनीला काही मर्यादा?"