पोथीला कुंकू लावू नये

लोकांना वाटतं, जुन्या पोथ्यांचे शत्रू म्हणजे वाळवी, कसर, उंदीर आणि पावसाळा. हस्तलिखितांच्या डागडुजीवर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, ही मंडळी परवडली. कसरीला पोथीबद्दल आदर वगैरे नसतो, नुसती भूक असते. खरी धास्ती असते ती पोथीवर जीव असणाऱ्या माणसाची.

तसं कसरीचं फारसं चुकतही नाही. बोरू अडखळू नये म्हणून आपला जुना हातकागद खळ लावून गुळगुळीत घोटलेला असायचा. खळ म्हणजे पिष्ट, आणि कसरीला तेच तर हवं असतं. जुने लेखनिक मात्र वस्ताद. काही कागदांना ते हरताळ लावत, चुकलेलं अक्षरही त्याच पिवळ्या लेपानं झाकत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, तेव्हा कीड चार हात लांब राही. आता बोटाला थुंकी लावून असल्या पोथीची पानं उलटणारे आजोबा डोळ्यांसमोर आणा. कीड शहाणी म्हणायची वेळ येते.

चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद आणि काजळाची शाई यांना तोड नाही. पेशवाईतलं मोडी पत्र आजही काळंभोर दिसतं, आणि लाकडाच्या लगद्यावर छापलेलं परवाचं पुस्तक आतल्या आम्लानं पिवळं पडून उघडताच तुकडे सांडतं. पणजोबा ठणठणीत आणि नातू अंथरुणाला खिळलेला, असा आमचा दवाखाना.

या दवाखान्यात येणाऱ्यांना आधी पांढरे हातमोजे बघायचे असतात. सिनेमात दाखवतात ना! खरं तर सुती मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, आणि धागा कडेला अडकला की पान टरकन फाटतं. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात उत्तम. पण हात धुण्याचा फोटो कोण छापणार? म्हणून छायाचित्रकार आला की मी मोजे चढवतो. तो गेला की मोजे काढतो, हात धुतो आणि कामाला लागतो.

काम तरी काय? गव्हाच्या सत्त्वाची खळ मंद आचेवर ढवळत शिजवायची आणि तिनं जपानी टिश्यू फाटक्या जागी चिकटवायचा. वास येताच आई आतून विचारते, ‘‘कुरडयांचा चीक का रे? हिंग-मीठ घातलंस?’’ घातलेलं नसतं. ही खळ ओलाव्यानं पुन्हा सुटते, हाच तिचा मोठा गुण. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की आपण केलेलं पुढच्याला विनासायास उकलता आलं पाहिजे. संसारात हा नियम चालत नाही.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या काळी अडचण वेगळी होती, कागद मिळवण्याचीच. गावोगाव हिंडून, लोकांच्या हातापाया पडून त्यांनी कागद मिळवले, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि एकूण बावीस खंडांपर्यंत मजल मारली. तेव्हा लोक दप्तर दाखवत नसत. आता स्वतःहून आणून देतात, फक्त घरगुती उपचार उरकून.

असेच एक काका देव्हाऱ्यातली पोथी घेऊन आले. लाल रुमाल सोडला तर आत हळद, कुंकू, अष्टगंध, तुपाचे डाग, निरांजनाची काजळी. फाटल्या जागी चिकटपट्टी, आणि ती सुटली तिथं सुतारकामाचा पांढरा गोंद.

‘‘घरच्या घरी केलंय सगळं,’’ काका अभिमानानं म्हणाले.

चिकटपट्टी मोठी कृतघ्न वस्तू. तिची फीत वाळून गळून पडते, गोंद मात्र कागदात मुरून तपकिरी होतो. तो द्रावकानं तसूतसूनं काढायचा. त्याआधी प्रत्येक शाईवर, अगदी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर, द्रावकाचा थेंब टेकवून वर टिपकागद दाबायचा. टिपकागद कोरा निघाला तर पुढं जायचं. काळा निघाला तर हात मागे. काळी शाई डिंकात कालवलेली असते, पाणी लागताच पसरू शकते. कुंकवाचे कण मऊ ब्रशनं झटकायचे, अन् जो डाग निघत नाही त्याला नमस्कार करायचा.

पोथी तयार झाल्यावर काकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. किडीच्या भोकांत नवा कागद बसला होता, पण कोराच.

‘‘गेलेली अक्षरं लिहून टाका की! संदर्भानं कळतायत.’’

‘‘नाही काका, आम्ही आमच्या मनचं लिहीत नाही.’’

‘‘का? अक्षर वाईट आहे तुमचं?’’

मी आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत पोथी ठेवली आणि पथ्यं सांगितली : कुंकू नाही, तूप नाही, निरांजन लांब. काकांचा चेहरा उतरला. ‘‘मग गुरुपौर्णिमेला पूजा कशाची करायची?’’

‘‘पेटीची करा.’’

पुढच्या वर्षी काका पेटी घेऊन हजर. झाकणावर बोटभर कुंकू, कडेनं तुपाचा ओघळ, कोपऱ्यात उदबत्तीनं पाडलेलं भोक. आत पोथी जशीच्या तशी. मी नवी पेटी काढून दिली. काका म्हणाले, ‘‘दोन द्या. एक दिवाळीला लागेल.’’