पुरावाकाका

न्यू जर्सीतल्या मराठी शाळेत असा एखादा काका हमखास सापडतो. नोकरीतून निवृत्त, गळ्यात चष्म्याची दोरी आणि मोठ्या मुलांना लिहायला शिकवायची दांडगी हौस. विषय वर्षानुवर्षं तोच : ‘आमचं घर अमेरिकेत कसं आलं’.

मुलं निबंध आणतात. झाडून सगळ्यांचे आजोबा खिशात आठ डॉलर घेऊन आलेले. काकांची लाल पेन्सिल तिथंच अडते. ‘‘आठच कशावरून?’’

‘‘आजोबा सांगतात.’’

‘‘आजोबा काय, काहीही सांगतील! त्यांचा जुना पासपोर्ट माग. परकीय चलनाची टंचाई होती तेव्हा. किती डॉलर दिले त्याची नोंद मागच्या पानावर शिक्क्यानिशी व्हायची.’’

पोरगं माळ्यावरची बॅग उपसून पासपोर्ट आणतं. आठच निघतात. काकांचा चेहरा पडतो.

‘आजोबा १९६२ साली जेएफके विमानतळावर उतरले’ हे वाक्य दिसलं की मात्र स्वारी खुलते. १९६३च्या डिसेंबरपर्यंत त्या विमानतळाचं नाव आयडलवाइल्ड होतं! शिवाय १९६२ म्हणजे बहुधा शिकायला आले असणार; कायमचं राहायचं तर भारतीयांचा कोटा वर्षाला अवघा शंभराचा. दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्यानं. एवढं सांगेपर्यंत तास संपतो, निबंध पहिल्या ओळीवरच असतो.

त्यांचं दैवत म्हणजे वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक. एलिस आयलंडचं स्थलांतरितांच्या नोंदणीचं केंद्र १८९२ साली १ जानेवारीला उघडलं, तेव्हा पहिली नोंद झाली आयर्लंडच्या अ‍ॅनी मूर या मुलीची. पुढं कित्येक वर्षं लोक टेक्सासात वारलेल्या भलत्याच अ‍ॅनी मूरचे गोडवे गात होते. या बाईंनी २००६ साली कागद धुंडाळून खरी अ‍ॅनी शोधली. ती बिचारी न्यूयॉर्कमध्येच संसार करून गेली होती. काका हे सांगताना नकळत हात जोडतात.

त्यांची स्वतःची हकीकत? ती पहिल्या परिच्छेदापुढं सरकलेली नाही. विमानाच्या तिकिटाचं अर्धुक सापडत नाही म्हणे.

मध्यंतरी एका मुलीनं लिहिलं, ‘आजी आली तेव्हा गुडघाभर बर्फ होता.’ पासपोर्टवर शिक्का जूनचा. काकांनी वहीत भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. मुलगी घरी जाऊन आजीला विचारती झाली. आजी आधी फणकारली, मग म्हणाली, ‘‘अगं, आले तेव्हा उन्हाळाच होता. पण तुझे आजोबा दिवसभर कामावर, मला इंग्रजी येईना. खिडकीशी बसून असायची. एकटी खाली उतरले ती थेट बर्फ पडल्यावर, दूध संपलं म्हणून.’’

मुलीनं हे सगळं जसंच्या तसं लिहून आणलं. काकांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. एकही लाल रेघ नाही.

‘‘छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘दुधाची पावती असेल का गं आजीकडे?’’